बायकांच्या वाफ्याचा खून

१

खून झाला होता. आणि एकदोघांचा नाही, अख्ख्या वाफ्याचा!

पाथर्डीच्या अलीकडे, डांबरी संपून फुफाटा सुरू होतो तिथं, रंभाजीशेठची मोसंबीच्या रोपांची नर्सरी आहे. त्या सकाळी गोरक्ष मुकादमानं शेडनेटच्या दाराचं कुलूप काढलं, आणि दारात दाटी करून उभ्या राहिलेल्या बायकांच्या तोंडून एकच "अगं बया!" निघालं. डावीकडचा वाफा जिवंत होता, उजवीकडचा मेला होता. डावीकडचा पुरुषांनी भरलेला, उजवीकडचा बायकांनी.

राजनंदिनी आईच्या खांद्यावरून बघत होती. शाळेला उशीर होत होता, पण असल्या वेळी जी शाळेत जाते ती मुलगीच वेगळी.

चांगल्या मोसंबीचं रोप असंतसं होत नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चाकूनं चीर द्यायची, जातिवंत झाडावरून काढलेला डोळा त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा पट्टीतून डोकावत राहतो. तीन आठवड्यांनी तो हिरवा दिसला तर जगला, काळा पडला तर गेला. बायकांच्या वाफ्यात सगळेच्या सगळे काळे.

नर्सरीतली रीत अशी, की चाकू पुरुषाच्या हातात आणि पट्टी बाईच्या. चाकूवाला तो 'कारागीर', पट्टीवाली ती नुसती 'बाई'. मग हे थोर कारागीर लग्नांना जाऊ लागले, जत्रांना जाऊ लागले, निवडणुकीच्या जेवणावळींना तर हटकून जाऊ लागले, आणि इकडं ऑर्डरी अडल्या. तेव्हा खुद्द शेठनंच बायकांच्या हाती चाकू दिला. राजनंदिनीच्या आईनं, सवितानं, तो असा धरला की जणू बाळंतविड्यातच मिळाला होता. पाठोपाठ बाकीच्या शिकल्या. सगळ्यांत चपळ निघाली शुभांगी, म्हणजे गोरक्ष मुकादमाचीच बायको. काम कारागिराचं झालं. दर मात्र बाईचाच राहिला, कारागिराच्या निम्मा.

सवितानं यंदा तोंड उघडलं. "शेठ, चीर तीच, डोळा तोच. मग दर निम्मा का?"

रंभाजीशेठ असे हसले होते, जणू शेळीनं मतदानाचा हक्क मागितला. "सविताबाई, बाईच्या हातात चाकू ठरत न्हाई. तुमचे डोळे मरत्यात, ते मी गपगुमान सोसतो. पटत न्हाई? मग लावा पैज. एक वाफा पुरुषांचा, एक तुमचा. तुमचा जगला तर दर सारखा. मेला तर तुमी नर्सरी सोडायची, आन् बाकीच्यांनी पुन्हा दराचं नाव काढायचं न्हाई."

आता वाफा मेला होता. शेठनं खिशातून सुपारी काढली, सावकाश तोंडात टाकली.

"मी बोललो हुतो," ते म्हणाले. "चाकू म्हंजे काय भाजी चिरायची इळी हाय? उद्यापासनं येऊ नका, सविताबाई."

सविता भांडली नाही. हेच राजनंदिनीला झोंबलं. आई घरी शेजाऱ्याच्या कोंबडीवरून अख्खी वस्ती डोक्यावर घेते, आणि इथं ती स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत उभी राहिली.

"माझा हात वाईट हाय का गं, नंदे?" तिनं हळूच विचारलं.

बस! राजनंदिनीच्या डोक्यात तिडीक गेली. आईला हा प्रश्न पडायला लावणारा जो कोणी असेल, त्याला ती सोडणार नव्हती.

२

"काढा ती मढी!" गोरक्ष मुकादम ओरडला. "उकिरड्यावर टाका आन् द्या पेटवून. बघवत न्हाई."

बघवत नाही म्हणे! या माणसाला बायका दिवसभर उन्हात बसलेल्या बघवतात.

नर्सरीचा हिरो आदिनाथ कारागीर रोपं उपटून टोपल्या भरू लागला. हा नुसता चालला तरी मागून बँड वाजत असावा असं त्याला वाटतं. बायकांना आत पाऊल टाकू दिलं नाही. गोरक्ष दारात आडवा उभा. टोपली उकिरड्याकडे निघाली तेव्हा राजनंदिनीनं वाटेतच एक रोप उचललं आणि दप्तरात कोंबलं. कुणी बघितलं असेल तरी कुणी काही म्हटलं नाही. मेलेल्या रोपाची चोरी कुणाला सलणार?

एसटीच्या थांब्यावर तिनं ते बाहेर काढलं.

राजनंदिनी सुट्टीत आईशेजारी बसून पट्ट्या बांधत मोठी झालेली. पट्टी खालून सुरू करायची आणि वर चढवत न्यायची, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर बसतो, कौलं बसतात तसा, आणि पाणी बाहेरून ओघळून जातं. शेवटी टोक शेवटच्या वेढ्याखाली दडपून ओढायचं, की गाठीचं कामच नाही. नर्सरीतली एकूणएक बाई असंच बांधते, झोपेतसुद्धा.

या रोपाची पट्टी वरून सुरू झाली होती. पुढच्या बाजूला वेढे तिरपे, एकमेकांना छेदत गेलेले, घडीवर घडी. आणि टोक? ते वर काढून ठेवलेलं, ऐटीत उभं.

राजनंदिनीनं पट्टी थोडी सरकवली. आतल्या डोळ्याची पाठ नखानं खरवडावी तशी खरवडलेली होती. ज्या बाजूनं डोळा खुंटाला चिकटतो, तीच. असा डोळा जगायचा कसा?

म्हणजे कुणीतरी पट्टी सोडली, डोळा काढला, मारला, परत बसवला आणि पट्टी पुन्हा बांधली. सगळं जिथल्या तिथं दिसावं, आणि दोष चाकूचा ठरावा म्हणून!

तिला आनंदानं उडीच मारावीशी वाटली. आईचा हात वाईट नव्हता! मग ती उडी गिळून नर्सरीकडे पळाली. पोचेपर्यंत उकिरड्यावर ज्वाळा होत्या. बायकांच्या वाफ्यातलं आता जगात एकच रोप उरलं होतं, आणि ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकाशेजारी होतं.

संध्याकाळी सवितानं ते रोप हातात फिरवून बघितलं. तिचा चेहरा उजळला, आणि लगेच पुन्हा पडला.

"ही आपली बांधणी न्हाईच. पण एका रोपावर कोण इश्वास ठेवील? म्हणत्याल, पोरीनं घरी बसून बांधलं."

"मग मी माणूसच हजर करते," राजनंदिनी म्हणाली.

"कुठला माणूस?"

ते तिलाही माहीत नव्हतं.

३

शेडनेटला कुलूप होतं. तीन आठवड्यांत आत जाणारे चौघंच. शेठ, ज्यांची नर्सरी. गोरक्ष मुकादम, ज्याच्या कमरेला किल्ली. आदिनाथ, जो पाणी द्यायला जायचा. आणि झाडायला जाणारी झुंबरबाई.

झुंबरबाई म्हणजे नर्सरीतली सगळ्यांत जुनी बाई. तिनं सविताच्या गटात यायला साफ नकार दिला होता. उलट, पुरुषांच्या वाफ्याची सगळी बांधणी हिनंच केली. हो, पुरुषांच्या वाफ्याची! चाकू मारून ते शूरवीर उठले, आणि पट्ट्या बांधायला बाई आणली. तरी वाफा पुरुषांचाच. मिशीला भात चिकटला की जेवण मिशीचं!

दुसऱ्या दिवशी शाळेत स्नेहसंमेलन होतं, त्यामुळे तास नव्हते. बायका नर्सरीच्या फाटकाबाहेर बसल्या होत्या. सविता नाही तर आम्ही पट्टीला हात लावणार नाही, असं शुभांगीनं शेठला सांगून टाकलं होतं. बायकांपैकी आत फक्त झुंबरबाई झाडत होती.

"आज्जी, वाफा तुम्ही मारला का?" राजनंदिनीनं सरळ विचारलं. आडवळणानं विचारायला वेळ कुणाला होता?

"आगं भवाने!" झुंबरबाईनं खराटाच उगारला. "माझ्या हातानं रोप मरंल? चुलीत घातलं तरी फुटंल!"

"मग आईच्या बाजूनं का नाही उभ्या राहिलात?"

"बाईनं मापात ऱ्हावं. आमी न्हाई ऱ्हायलो? निम्म्या दरात तीन लेकरांची लग्नं केली."

"पूर्ण दर असता तर सहा वर्षं आधीच पाय चेपून घेत बसल्या असतात, आज्जी."

झुंबरबाई शिव्या देत राहिली, पण देता देता तिचे हात एका रोपाची सुटलेली पट्टी बांधत होते. खालून वर, टोक आत, एक झटका. बघायचीही गरज पडली नाही तिला. राजनंदिनीनं मनातल्या मनात तिच्या नावावर काट मारली. ही बाई उलटं बांधूच शकत नाही. तिचे हातच तिला तसं करू देणार नाहीत.

आदिनाथ विहिरीवर मोबाईलच्या काचेत बघून केस बसवत होता.

"दादा, आमच्या वाफ्याचं असं कसं झालं हो?"

"चाकू!" आदिनाथ म्हणाला. "बायकांची चीर खोल जाती. जोर मारत्यात ना, भाकरी थापल्यासारखा."

"आणि पट्ट्या? त्या कशा होत्या?"

"पट्ट्या?" त्यानं असा चेहरा केला, जसं त्याला कुणी लुगड्याच्या निऱ्यांबद्दल विचारलं. "पट्टीतलं मला काय कळतंय? ते बायकी काम. मी आजवर एक पट्टी बांधली न्हाई, आन् बांधणारबी न्हाई!"

छाती काढून सांगत होता! जगात असे नग असतात की ज्यांना जे येत नाही त्याचाच गर्व असतो.

पण राजनंदिनी थबकली. सगळेजण चाकू, चाकू करत होते. पट्टीबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. कुणी मुद्दाम उलटी पट्टी बांधून बायकांची बदनामी करणार असता, तर त्यानं पहिलं बोट पट्टीकडेच दाखवलं असतं. कुणी दाखवलं नाही. म्हणजे ज्यानं हे केलं, त्याला आपण उलटं बांधलंय हेच माहीत नव्हतं! त्याला वाटलं, बांधायचं काय त्यात, गुंडाळली की झाली.

म्हणजे ज्यानं आयुष्यात कधी पट्टी बांधली नाही असा माणूस.

म्हणजे पुरुष.

पण तसे तिघं होते. कोणता?

४

रंभाजीशेठ ऑफिसात खुर्चीवर ताठ बसले होते, आणि गोरक्ष त्यांच्या डोक्याला फेटा बांधत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे शेठच होते. शाळेला पाण्याची टाकी दिली की डोक्यात काय आहे ते कुणी विचारत नाही, वर फेटा असला की पुरे.

"हलू नका शेठ," गोरक्ष म्हणाला. "आज आठ फेटे बांधायचेत. हेडमास्तरांनी खास मला बोलावलंय. आपल्या हाताची कळा पार नेवाशापतूर माहीत हाय."

"शेठ," राजनंदिनी म्हणाली, "समान कामाला समान दाम द्यायचा कायदा आहे."

"आसंल की!" शेठ प्रेमळपणे म्हणाले. "पण काम समान कुठंय? वाफा मेला ना? मी काय फुकट शेठ न्हाई झालो पोरी. माझी आई पट्ट्या बांधायची, मीबी बांधल्यात तिच्या शेजारी बसून. हे बघ." त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून पेनाभोवती गुंडाळली. खालून वर, टोक आत. "इसरलो न्हाई. पण पट्टी ती पट्टी, चाकू तो चाकू."

जळ्ळं मेलं! राजनंदिनीला शेठच गुन्हेगार हवे होते. तिनं त्यांच्यासाठी शिक्षासुद्धा ठरवून ठेवली होती. आणि या माणसाला बरोबर बांधता येत होतं. स्वतःच्या आईच्या शेजारी बसून शिकलेलं काम, आणि त्याच कामाला निम्मा दर! पण खुनी ते नव्हते.

"सविताबाईला म्हणावं, घरी बस आता निवांत," गोरक्ष फेट्याची घडी दाबत म्हणाला. "आन् त्या शुभांगीलाबी. बायकांनी बाहेर आंदोलन मांडलंय म्हणं. घरी भाकरी कोण थापणार?"

"तुम्हाला येत नाही का थापायला, काका?"

गोरक्ष हसला, पण त्याचं हसू कडेला जरा फाटलं.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात मंडप, दिवे, आणि स्टेजवर खुर्च्यांची रांग. रंभाजीशेठनं माईक हातात घेतला.

"स्त्री म्हणजे शक्ती! आमच्या नर्सरीत आम्ही स्त्रीला देवी मानतो!"

बरोबर आहे, राजनंदिनीला वाटलं. देवीला पगार द्यावा लागत नाही. नारळावर भागतं.

ती मुलींच्या रांगेत, मागं, सतरंजीवर बसली होती. लांबून पाहुण्यांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त डोकी दिसत होती. रांगेत आठ डोकी. आठ फेटे. पुढच्या बाजूला तिरप्या घड्या, एकमेकींना छेदत गेलेल्या. आणि प्रत्येकाच्या वर, ऐटीत उभा, तुरा.

तिला आठ पाहुणे दिसेनात. तिला वाफा दिसला.

"अगं बाई!" राजनंदिनी एवढ्या जोरात ओरडली की शेठ देवीवरच अडखळले, आणि पुढच्या रांगेतल्या वर्गाच्या बाईंनी वळून तिच्याकडे 'उद्या वर्गात पाय ठेवू नकोस' अशा नजरेनं बघितलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीच्या फाटकात श्रीरामपूरहून आलेला टेम्पो उभा होता. तयार रोपं घेऊन जायला, आणि नव्या ऑर्डरीचं काम सुरू झालंय का ते बघायला. टेम्पोवाल्याचा मालक दर थोड्या वेळानं फोन करून शेठना हैराण करत होता. बायका बाहेर, पट्ट्या आत, आणि चाकूवाले हातावर हात ठेवून. चिरलेले खुंट उघडे पडले तर डोळे सुकणार. एकटी झुंबरबाई किती बांधणार?

"तुमीच बांधा!" शेठ चाकूवाल्यांवर खेकसले. "हात न्हाईत का तुमाला? गोरक्ष, तूबी बस!"

"मी?" गोरक्ष मागं सरला. "शेठ, मी मुकादम हाय. बायकी काम—"

"बांधा की!" फाटकातून आवाज आला. शुभांगी उभी होती, पदर खोचून. "मी रोज बांधती, मला काय बायकी रोग झाला? बांधा, बघू द्या टेम्पोवाल्याला."

टेम्पोवाला खिदळला. ते खिदळणं गोरक्षला लागलं. बाईनं हिणवलेलं सोसेल, पण टेम्पोवाल्यासमोर? गोरक्ष मांडी ठोकून बसला आणि पट्टी उचलली.

राजनंदिनी फाटकाच्या खांबावर चढून बघत होती. आई खाली उभी. वर चढू नको म्हणून सांगून ती थकली होती, खाली उतर म्हणून सांगून आता थकत होती.

आदिनाथनं पट्टीला एक गाठ मारली, मग दुसरी, मग घाबरून तिसरी. चड्डीची नाडी बांधावी तशी. बायका पोट धरून हसल्या.

गोरक्षची तऱ्हा वेगळी. पहिला वेढा घेताना तो चाचपडला, दुसऱ्याला थांबला. मग त्याचे हात आपोआप चालू लागले. डोक्याला थाप मारता येते, हाताला मारता येत नाही. पट्टी वरून सुरू झाली, पुढं तिरपी गेली, छेदली, घडीवर घडी बसली. शेवटी त्यानं सवयीनं टोक वर काढलं आणि अंगठ्यानं नीट उभं केलं.

"थांबा!" राजनंदिनीनं खांबावरून उडी मारली. तिनं दप्तरातून ते काळं रोप काढलं आणि गोरक्षच्या रोपाशेजारी ठेवलं.

दोन रोपं, दोन तुरे.

टेम्पोवाल्याचं खिदळणं बंद.

"हे बायकांच्या वाफ्यातलं. आतला डोळा खरवडून मारलाय," राजनंदिनी म्हणाली, आणि तिला आपला आवाज एवढा मोठा आहे हे कळून फार बरं वाटलं. "ज्यानं मारला त्याला पट्टी परत बांधायची होती, म्हणजे कळू नये. पण पट्टी बांधणं त्याला कधी येतच नव्हतं. त्याला दुसरंच बांधणं येतं. लग्नात बांधला की त्याला कळा म्हणतात, टाळ्या वाजतात, नेवाशापर्यंत नाव होतं. आणि बाईनं पट्टी बांधली की ते बायकी काम!"

"पोरीनं घरी बांधलं आसंल ते!" गोरक्ष ओरडला. "एका रोपावर—"

"एक कुठलं?" आदिनाथ बोलून गेला. त्याला आपण काय बोलतोय ते नेहमीप्रमाणे नंतर कळणार होतं. "मी उपटली ना समदी. समद्यांना अशीच वर टोकं हुती. मला वाटलं, बायकांची नवी फॅशन आसंल!"

अख्खा वाफा दोन हातांनी उपटला, आणि एकदाही बघितला नाही! राजनंदिनीला त्याच्या बथ्थडपणाची पापी घ्यावीशी वाटली.

शुभांगी सावकाश पुढं आली. तिनं दोन्ही रोपं उचलली, शेजारी शेजारी धरली.

"हे वळण मी घरी बघती," ती म्हणाली. "आरशासमोर उशीला फेटा बांधून सराव चालतो ह्यांचा." मग ती नवऱ्याकडे वळली. "आवं, त्यातला अर्धा वाफा मी भरला हुता. माझे डोळे हुते ते. म्हाईत हुतं ना तुमाला?"

गोरक्षनं मान खाली घातली.

"का?"

"दर सारखा झाला आसता तर," तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "तुझा पगार माझ्यापरीस जास्त झाला आसता. तू रोपामागं कमवतीस, मला महिन्याचा बांधलेला पगार. लोकं काय म्हणली आसती? बायकोच्या जिवावर बसलाय."

घ्या! एवढ्यासाठी! बायकोच्या कष्टाला दाम मिळू नये म्हणून त्यानं तिच्याच हातानं भरलेली रोपं मारली, आणि तो दाम आला कुठं असता? त्याच्याच घरात. त्याच्याच ताटात. असला हिशोब फक्त मिशीवाल्यालाच सुचू शकतो.

"लोकं आता काय म्हणत्यात ते बघा," शुभांगी म्हणाली. टेम्पोवाला मोबाईल काढून शूटिंग करत होता.

६

रंभाजीशेठनं घसा साफ केला. ते काही झालं तरी शेठ होते. घर जळालं तरी कोळसा विकतील.

"बरं, झालं ते झालं. गोरक्षला मी बघतो. आपण असं करू, सविताबाई, पुन्हा एक वाफा लावू. निष्पक्ष."

राजनंदिनीनं तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. दोन दिवसांनी सविताचा कोंबडीवाला आवाज परत आला होता.

"पुन्हा परीक्षा? ह्या आदिनाथची परीक्षा कवा घेतली हुती शेठ? आला तवा चाकू कुठून धरायचा ते मी दावलं त्याला. पहिल्या दिवसापासनं पुरा दर! आमी काय दर साली वाफा मांडून सिद्ध करायचं, की आमी माणसं हाव?"

शेठचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी कापला. मग त्यांच्या डोळ्यात एक चमक आली, आणि राजनंदिनीला ती मुळीच आवडली नाही.

"मान्य!" शेठ म्हणाले. "दर सारखा पायजे ना? आजपासनं सारखा. पुरुषालाबी बाईचाच दर! निम्मा! झाली का समानता?"

आणि मग तो चमत्कार घडला. आदिनाथ कारागीर, चड्डीची नाडी बांधणारा वीर, ताडकन उभा राहिला.

"आसं कसं शेठ? सविताताईंच्या हाताला तोड न्हाई नगर जिल्ह्यात! मी पहिल्यापास्नं म्हणत आलोय, बायकांना पुरा दर द्या!"

"कधी म्हणालास रे?" झुंबरबाईनं विचारलं. पण तिनं खराटा भिंतीला लावून ठेवला होता, आणि कधी तरी, कुणाचं लक्ष नसताना, फाटक ओलांडून बायकांच्या घोळक्यात येऊन उभी राहिली होती.

"मनात म्हणत हुतो, आज्जी."

बाकीचे चाकूवालेही एकेक करून उठले. आपल्या खिशाला हात लागला की पुरुषाला समता किती लवकर समजते! शाळेत हाच धडा शिकवायला बाईंना अख्खी सहामाही लागली होती.

"आणि शेठ," राजनंदिनी म्हणाली, "दर सारखा करायच्या नावाखाली कुणाचाही दर खाली आणता येत नाही. तेही कायद्यातच आहे. कामगार अधिकारी नगरला बसतात. आमच्या दारातून थेट एसटी आहे."

शेठनं फाटकाबाहेरच्या बायका बघितल्या, आतले उभे राहिलेले पुरुष बघितले, शूटिंग करणारा टेम्पोवाला बघितला. फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी त्यांनी उचलला.

"व्हय, व्हय, आजच सुरू करतोय," ते फोनमध्ये म्हणाले. मग हात झटकून बायकांकडे बघितलं. "चाकूला सगळ्यांना सारखाच दर. पुरा. बसा आता, डोळे सुकत्यात!"

बायकांनी जो कल्लोळ केला, त्यानं कडुलिंबावरचे कावळे उडाले.

"आन् ह्याचं काय?" शेठनं गोरक्षकडे हात केला. चूक आपली नाही म्हटल्यावर त्यांना न्यायाचा उमाळा आला होता. "मुकादमी काढली तुझी. जा घरी. न्हाईतर पट्ट्या बांधायला बस, बायकांच्या हाताखाली."

गोरक्षनं कमरेची किल्ली काढून ठेवली. मग म्हणाला, "बसतो."

"निम्मा दर द्या त्याला!" शुभांगी म्हणाली. "जलमभर. कळू द्या कसं लागतं ते."

सगळ्या हसल्या. राजनंदिनीनं तर टाळ्या पिटल्या. हा खरा शेवट! हाच हवा होता तिला, पहिल्या दिवसापासून.

"न्हाई," सविता म्हणाली.

"वयनी! आपला वाफा मारला त्यानं!" शुभांगी उसळली.

"मारला. त्याची भरपाई त्याच्याकडनं पैन् पै घेऊ. पण पट्टीला जो दर झुंबरआत्याला, तोच त्याला. निम्मा द्यायचा तर मग मी शेठच झाले की गं."

"आई!" राजनंदिनी कळवळली. "अगं, निदान एक महिना तरी!"

"एक दिवसबी न्हाई." सवितानं चाकू उचलला, डोळे काढायची डोळकाडी मांडीवर घेतली आणि खुंटाला पहिली चीर दिली.

राजनंदिनीला हे काडीचं पटलं नाही. ती फुरंगटून गोरक्षकडे बघत राहिली; निदान त्याचा पडलेला चेहरा तरी डोळे भरून बघावा म्हणून. तो बायकांच्या रांगेत शेवटी बसला होता, हातात पट्टी धरून. निम्म्या दरात बसवला असता तर त्याला रागावता आलं असतं, चार माणसांत आपल्यावर अन्याय झाला म्हणून सांगता आलं असतं. त्याला पट्टीचा पुरा दर मिळणार होता, आणि तो एका बाईनं दिला होता. तेवढा मात्र त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.